पोथी कोणाची?

मध्ययुगीन युरोपातील सचित्र, सुवर्णांकित पोथ्यांविषयी आपल्याकडे जे थोडे लेखन होते, त्यात सोन्याचा वर्ख व रंगांची झळाळी यांचेच कौतुक अधिक असते. पोथी कोणाची, लिहिणाऱ्याची, लिहवून घेणाऱ्याची की वाचणाऱ्याची, हा प्रश्न मागेच राहतो. आम्हांस तोच महत्त्वाचा वाटतो.

या पोथ्या अनेक हातांनी घडत. वासराचे वा मेंढीचे कातडे चुन्याच्या पाण्यात भिजवून, चौकटीवर ताणून व खरवडून पान तयार होई. एकजण मजकूर लिही, दुसरा तांबड्या शाईने शीर्षके घाली, तिसरा आधी वर्ख चिकटवून मग रंग भरी. उंची निळा रंग अफगाणिस्तानातील बदख्शानच्या लाजवर्दी दगडापासून काढीत. एवढा खर्च करणारा धनी पोथीवर आपले कुलचिन्ह रंगवून घेई. बेरीच्या ड्यूकने अशीच एक प्रार्थनापोथी लिंबुर्ग बंधूंकडून करवून घेतली. १४१६ साली ते तिघे बंधू व ड्यूक, सारेच निवर्तले आणि पोथी अपुरी राहिली. ती पुढे दुसऱ्या चित्रकाराने पुरी केली, १८५६ साली एका सरदाराने विकत घेतली आणि आज ती फ्रान्समध्ये शांतिई येथे आहे. धनी बदलले; वाचणारे मात्र मोजकेच राहिले.

मध्ययुगीन युरोपचा असा एक ठेवा आपल्याजवळही आहे. मीरा रोडहून लोकलने चर्चगेटला उतरले की टाऊन हॉल पायी जाण्याच्या अंतरावर आहे. तेथील एशियाटिक सोसायटीच्या संग्रहात दान्तेच्या महाकाव्याची जुनी हस्तलिखित प्रत आहे. ती गव्हर्नर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन यांची देणगी. मुसोलिनीने तिच्यासाठी मोठी रक्कम देऊ केली व सोसायटीने ती नाकारली, असे सांगितले जाते.

आता आपल्या ख्रिस्तपुराणाकडे पाहावे. फादर थॉमस स्टीफन्स यांचे हे ओवीबद्ध मराठी काव्य १६१६ साली रायतूर येथे रोमन लिपीत छापले गेले. १६४९ व १६५४ साली त्याच्या आणखी आवृत्त्या निघाल्या. या तिन्ही आवृत्त्यांची एकही प्रत आज उपलब्ध नाही. १६८४ साली पोर्तुगीज सत्तेने स्थानिक भाषेविरुद्ध फर्मान काढले. छापलेले नाहीसे झाले, हाताने उतरलेले तेवढे टिकले. गोव्यातील व मंगळूरकडील भाविकांनी ते उतरून घेतले, गायिले, जपले. १९०७ साली जे. एल. सालढाणा यांनी मंगळूर येथे आवृत्ती काढली, तीही हस्तलिखितांच्याच आधारे. या पोथ्यांवर सोने नव्हते. ज्याने उतरली त्याची ती झाली.

येथे एक आक्षेप येतो. उतरून घेणारा पाठ बदलतो. लंडनमधील मार्सडेन संग्रहातील देवनागरी प्रत १९२०च्या दशकात डॉ. जस्टिन अॅबट यांनी प्रकाशात आणली. रोमन प्रतींतील लॅटिन व पोर्तुगीज शब्दांच्या जागी तिच्यात अनेकदा संस्कृत शब्द दिसतात. मूळ पाठ कोणता, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. आम्हांस तो वाद जितका भाषिक तितकाच मालकीचाही वाटतो. शब्द बदलणारा हात, मग तो कोणत्याही प्रतीमागचा असो, ते काव्य आपलेसे करीत होता. त्याच्या पाठाला केवळ 'भ्रष्ट' म्हणून बाजूस सारणे ही उथळ समीक्षा होय.

तरी संग्राहकाचे ऋणही नाकारता येत नाही. विल्यम मार्सडेन यांनी ती पोथी संग्रही ठेवली नसती, तर हा वाद घालण्यापुरताही पुरावा आपल्यापाशी उरला नसता. भाविकाने पोथी जिवंत ठेवली, संग्राहकाने ती सुरक्षित ठेवली. एकाचे काम दुसऱ्याने भागत नाही.

उत्तन, भाईंदर, वसईच्या जुन्या घरांत गीतांच्या, प्रार्थनांच्या हस्तलिखित वह्या असतील, तर घर पाडून इमारत बांधताना त्या रद्दीत जाऊ देऊ नयेत. मूळ वही घरीच राहावी, तिचे छायाचित्र धर्मग्रामाच्या संग्रही द्यावे आणि तिच्यातील गीत वर्षातून एकदा तरी गायिले जावे. वारसाहक्काने वही मिळते. मालकी मात्र वाचल्यावाचून मिळत नाही.