पंचसूत्रीतील अनुच्चारित पद

ग्रंथालयशास्त्रावरील पुस्तकांची समीक्षा वाङ्मयीन नियतकालिकांतून सहसा होत नाही. हे शास्त्र तांत्रिक आहे, त्याचा संबंध वर्गांक, तालिका आणि कपाटे यांच्याशी आहे, वाङ्मयाशी नाही, असा आपला एक सोयीचा समज आहे. परंतु काही ग्रंथ असे असतात की, त्यांचा विषय तांत्रिक असला तरी त्यांची घडण, त्यांतील विचाराची मांडणी आणि मुख्यतः त्यांतील मौन यांचा विचार वाङ्मयाच्या अभ्यासकानेच करावयास हवा. शियाळी रामामृत रंगनाथन यांचा ग्रंथालयशास्त्राच्या पाच सूत्रांवरील इंग्रजी ग्रंथ हा या जातीचा आहे. तो १९३१ साली मद्रास ग्रंथालय संघाने प्रसिद्ध केला आणि आजही आपल्या विद्यापीठांतून ग्रंथालयशास्त्राचा विद्यार्थी आपल्या अभ्यासाचा श्रीगणेशा त्यानेच करतो.

या ग्रंथाची रचना आपल्याला परकी वाटत नाही. अल्पाक्षर सूत्र आणि त्यावर विस्तृत भाष्य, ही आपल्या शास्त्रग्रंथांची जुनी पद्धती येथे नव्या विषयाला लावलेली आहे. ग्रंथाचा उपयोग, वाचकाचा हक्क, ग्रंथाला मिळावयाचा वाचक, वाचकाच्या वेळेची बचत आणि ग्रंथालयाची अखंड वाढ या पाच गोष्टी लेखक क्रमाने सिद्ध करतो. भाष्यात तो सूत्रांना सजीव पात्रांचे रूप देतो. ती बोलतात, वाद घालतात, जुन्या समजुतींशी झगडतात. गणिताच्या अध्यापकाने लिहिलेल्या शास्त्रीय ग्रंथात हा नाट्यगुण यावा, हे त्याच्या वाचनीयतेचे एक कारण आहे.

मात्र या नाटकाच्या पात्रांची यादी नीट पाहिली की एक गोष्ट ध्यानात येते. सूत्रांत ग्रंथ आहे, वाचक आहे, ग्रंथालय आहे, ग्रंथपाल नाही. भाष्यात तो येतो, हे खरे. पहिल्याच सूत्राच्या विवेचनात ग्रंथालयाची जागा, त्याच्या वेळा, त्यातील सामान यांबरोबर सेवकवर्गाचीही चर्चा आहे, आणि त्याच्या विद्वत्तेचा व वेतनाचा प्रश्नही लेखकाने टाळलेला नाही. परंतु सूत्राचा अधिकार त्याला मिळालेला नाही. पाचही सूत्रे ज्याने पाळावयाची तो हा पुरुष. त्याच्याकडून काय घ्यावयाचे हे सूत्रे सांगतात, त्याला काय द्यावयाचे याविषयी मात्र ती अबोल आहेत. नाट्यशास्त्राच्या भाषेत बोलावयाचे तर ग्रंथपाल येथे सूत्रधार आहे. प्रयोग तोच चालवितो, परंतु कथानकात त्याला भूमिका नाही.

प्रस्तुत लेखकाच्या मते हे मौन म्हणजे एखादी गौण उणीव नव्हे. ज्या संस्थेने ग्रंथपालाला घडविण्याची जबाबदारी पत्करलेली नाही, तेथे पाचही सूत्रे कागदावर राहतात. आणि याचा सर्वांत बळकट पुरावा या ग्रंथाच्या लेखकाच्या चरित्रातच आहे.

रंगनाथन जानेवारी १९२४ मध्ये मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले. तत्पूर्वी ते प्रेसिडेन्सी कॉलेजात गणित शिकवीत असत. विद्यार्थ्यांच्या गजबजाटातून ते एकदम निर्जन दालनात आले. पहिल्या काही दिवसांतच ते एकांताला इतके कंटाळले की, आपली जुनी जागा आपल्याला परत द्यावी, अशी विनंती घेऊन ते कॉलेजच्या प्राचार्यांकडे गेले. प्राचार्यांनी त्यांना उपदेश केला नाही. विद्यापीठ तुम्हांला शिक्षणासाठी इंग्लंडला पाठवीत आहे. तेथून परतल्यावरही हा कंटाळा टिकला तर खुशाल या, असे आश्वासन त्यांनी दिले, असे त्यांचे चरित्रकार सांगतात. त्याच वर्षी रंगनाथन लंडनला गेले. तेथे विद्यापीठाच्या ग्रंथालय विद्यालयात बर्विक सेयर्स यांच्यासारखा मार्गदर्शक त्यांना लाभला आणि पुष्कळ ग्रंथालये जवळून पाहावयास मिळाली. लंडनच्या एका मोठ्या दुकानात मेकॅनो हे मुलांचे खेळणे त्यांच्या दृष्टीस पडले; मोजक्याच तुकड्यांतून निरनिराळ्या वस्तू जुळविता येतात हे पाहून त्यांना आपल्या वर्गीकरणपद्धतीची कल्पना सुचली. तीच पुढे १९३३ साली द्विबिंदू वर्गीकरण या नावाने ग्रंथरूपाने आली. १९२५ साली परतलेला हा माणूस प्राचार्यांकडे पुन्हा गेला नाही. सुमारे वीस वर्षे तो त्या ग्रंथालयात राहिला.

येथे कोणी म्हणेल की, रंगनाथन असामान्य बुद्धीचे होते. ते कोठेही चमकले असते. परंतु जानेवारी १९२४ मधील रंगनाथनही तितकेच बुद्धिमान होते, आणि ते पळून जावयास निघाले होते. मधल्या काळात बुद्धी वाढली नाही, आधार मिळाला. त्या आधाराचे तीन घटक वेगळे काढता येतात: परतीचा मार्ग खुला ठेवणारा वडीलधारा, शिकण्यासाठी दिलेला मोकळा काळ, आणि आपल्याच व्यवसायातील माणसांचा सहवास. पहिल्या सूत्राचे शब्द १९२८ साली त्यांना गवसले, ते त्यांचे गणिताचे गुरू एडवर्ड रॉस यांच्याशी झालेल्या बोलण्यातून, ही गोष्टही याच संदर्भात अर्थपूर्ण आहे. एकाकी माणसाला सूत्र सुचत नाही.

मद्रासच्या आधी बडोद्याने हा धडा वेगळ्या रीतीने गिरविला होता. सयाजीराव गायकवाड यांनी १९१० साली विल्यम बोर्डन या अमेरिकन ग्रंथपालाला पाचारण केले. तीनच वर्षांनी, १९१३ साली, बोर्डन मायदेशी परतले. परक्या तज्ज्ञाच्या जाण्याने आपल्याकडे अनेक उपक्रमांचा शेवट होतो. बडोद्यात तसे झाले नाही. बोर्डन यांनी १९११ सालीच शिक्षणवर्ग सुरू केला होता आणि १९१२ पासून इंग्रजी, मराठी व गुजराती अशा तीन भाषांतून ग्रंथालयविषयक नियतकालिक निघू लागले होते. त्यामुळे ज. स. कुडाळकर यांनी सूत्रे हाती घेतली तेव्हा त्यांना रिकामी खुर्ची नव्हे, तर चालते काम मिळाले. बडोद्याच्या ग्रंथालय चळवळीवरील त्यांचा इंग्रजी ग्रंथ १९१९ साली प्रसिद्ध झाला. ही उदाहरणे सार्वजनिक ग्रंथालयांची असली तरी त्यांतून आधाराचा चौथा घटक दिसतो: उत्तराधिकारी आधीपासून तयार करणे.

पाचवा घटक मराठी वाचकाला सर्वांत जवळचा आहे. तो म्हणजे ग्रंथपालाच्या स्वतःच्या विद्याव्यासंगाला मान्यता. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराची स्थापना १९१७ साली झाली. पुढील वर्षी डेक्कन कॉलेजातील सरकारी हस्तलिखितांचा संग्रह तेथे आला, आणि १९१९ पासून १९६१ साली निधन होईपर्यंत परशुराम कृष्ण गोडे हे तेथे क्युरेटर होते. बेचाळीस वर्षे त्यांनी इतरांना हस्तलिखिते काढून दिली आणि त्याच काळात चारशेहून अधिक शोधनिबंध लिहिले. त्यांचे विषय पाहावेत: दारूकाम, तंबाखू, चष्मा, कागदाचा भारतातील प्रवास! राजांच्या लढायांत न सापडणारा इतिहास त्यांना पोथीच्या समाप्तिवाक्यात, लेखनकाळात, एखाद्या किरकोळ उल्लेखात सापडला. ही दृष्टी केवळ अभ्यासिकेत बसणाऱ्या पंडिताची नव्हे. दररोज पोथ्या हाताळणाऱ्या, त्यांच्या नोंदी तपासणाऱ्या ग्रंथरक्षकाची आहे. त्यांच्या निबंधांची शैली कोरडी आहे, निष्कर्ष कधीकधी सामग्रीच्या ढिगाखाली दबतात, हा आक्षेप मान्य करूनही असे म्हणावे लागते की, पदाचे काम आणि विद्येचे काम येथे एकमेकांना पोसत होते. ‘ग्रंथपाल वाचत बसला तर काम कोण करणार?’ हा आपल्या व्यवस्थापकांचा आवडता प्रश्न. गोडे यांच्या निबंधांचे खंड हे त्याचे पुरेसे उत्तर आहे. प्रत्येक ग्रंथपालाने संशोधक व्हावे असा याचा अर्थ नाही. त्याने व्हावयाचे ठरविल्यास त्याला अपराधी वाटू नये, एवढाच आहे.

याची दुसरी बाजू शंकर गणेश दाते यांच्या कार्यात दिसते. १८०० ते १९३७ या काळातील मराठी पुस्तकांची त्यांची ग्रंथसूची आणि १९६१ साली निघालेला १९३८ ते १९५० या वर्षांचा तिचा दुसरा खंड यांच्यावाचून आधुनिक मराठी वाङ्मयाचा इतिहास लिहिता येत नाही. जे काम एखाद्या विद्यापीठाने विभाग उघडून, माणसे नेमून करावयाचे, ते मुख्यतः एका माणसाच्या चिकाटीवर उभे राहिले. आपण या चिकाटीचे कौतुक करतो. ते योग्यच आहे. परंतु तपश्चर्येचे कौतुक करता करता आपण ती व्यवस्थेला पर्याय म्हणून स्वीकारतो, ही गोष्ट चिंतेची आहे. ज्या विद्येला टिकण्यासाठी दर पिढीत एक तपस्वी लागतो, ती विद्या पुरेशी सुरक्षित नव्हे.

बुऱ्हाणपूरच्या रहिवाशाला या विचाराची साक्ष दूर शोधावी लागत नाही. अब्दुर्रहीम खानखानान यांनी या नगरात दीर्घकाळ वास्तव्य केले, आणि त्यांच्या आश्रयाने अब्दुल बाकी नहावंदी यांनी ‘मआसिर-इ-रहीमी’ हा फारसी ग्रंथ १६१६ साली सिद्ध केला. त्यात सरदार आणि कवी यांच्याबरोबर खानखानानांच्या ग्रंथालयातील कलावंतांनाही जागा आहे. लेखणी, कुंचला आणि बांधणी यांचे काम करणाऱ्यांची नावे चरित्रग्रंथात घ्यावीत, ही जाण त्या काळी होती. मात्र तो आधार व्यक्तीचा होता, संस्थेचा नव्हता. खानखानानांवर बादशहाची अवकृपा झाली, १६२७ साली ते निवर्तले, आणि तो संग्रह पांगला. त्यांच्यासाठी चित्रित झालेले रामायण आज वॉशिंग्टनच्या फ्रीअर संग्रहालयात आहे. त्याच काळातील एक काम मात्र गावात टिकून आहे. सातपुड्याकडून झिरपणारे पाणी भूमिगत मार्गाने आणणारा कुंडी भंडारा वरून पाहणाऱ्याला केवळ विहिरींची रांग वाटतो. त्या कुंड्या एकमेकींना आतून जोडलेल्या आहेत, म्हणून पाणी वाहते. सुटी कुंडी म्हणजे नुसता खड्डा!

आजचा महाविद्यालयीन ग्रंथपाल बहुधा सुटी कुंडी आहे. कायद्याने त्याचे स्थान उंचावले आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या विनियमांत त्याची अर्हता अध्यापकांच्या अर्हतेबरोबरच निश्चित केलेली आहे. १९९१ साली सुरू झालेल्या इन्फ्लिबनेटमुळे लहान गावातील महाविद्यालयालाही दूरची नियतकालिके संगणकावर वाचता येतात. साधने वाढली आणि त्यांबरोबर त्याच्याकडून होणाऱ्या अपेक्षाही. त्याने ग्रंथ निवडावेत, संगणक सांभाळावा, विद्यार्थ्यांना शोधावयास शिकवावे, तपासणी समितीपुढे आकडे ठेवावेत. यांपैकी कशात अडले तर त्याने विचारावे कोणाला? अध्यापकाला विषयातील सहकारी असतो. ग्रंथपाल आपल्या संस्थेत बहुधा एकटाच त्या विद्येचा असतो. शाळांची अवस्था याहून कठीण आहे. ज्या शिक्षकाच्या तासिका कमी त्याच्या हाती ग्रंथालयाची किल्ली, ही रीत या व्यवसायातील कोणालाही अपरिचित नाही.

सीमेवरील मराठीच्या दृष्टीने या एकाकीपणाला विशेष अर्थ आहे. मराठी, हिंदी, उर्दू, गुजराती अशा भाषा जेथे एकत्र नांदतात, तेथे मराठीचे कपाट आपोआप वाढत नाही. कोणते नवे पुस्तक निघाले, ते कोठून मागवावे, हे जाणणारा माणूस असेपर्यंतच ते वाढते. अशा कपाटाचे वय मोजावयाचे असल्यास दाखलनोंदवही उघडावी. मराठी पुस्तकांच्या नोंदी ज्या वर्षी विरळ होतात, त्याच्या मागेपुढे कोणीतरी निवृत्त झालेले असते आणि त्याच्या हाताखाली कोणी तयार केलेला नसतो. रंगनाथनांच्या पाचव्या सूत्रातील वाढ तेथे थांबते. कारण ती ज्याच्या हातून व्हावयाची त्याच्यासाठी सहावे सूत्र लिहिले गेले नाही.

या सर्वांसाठी द्रव्य कोठून आणावयाचे, हा प्रश्न योग्य आहे. परंतु येथे सांगितलेल्या आधारातील पुष्कळसा भाग द्रव्याचा नाही. नव्या ग्रंथपालाला पहिली दोन वर्षे शेजारच्या अनुभवी ग्रंथपालाशी जोडून देणे, वर्षातून काही दिवस दुसरी ग्रंथालये पाहण्यासाठी त्याला मोकळे करणे, अभ्यासमंडळात त्याला सल्ल्यापुरते नव्हे तर मतासह बसविणे, आणि निवृत्तीच्या आधी किमान वर्षभर त्याच्या जागी येणाऱ्याला त्याच्याजवळ ठेवणे, यांपैकी फक्त अखेरच्या गोष्टीला पैसा लागतो. बाकीच्यांना प्राचार्यांची इच्छा पुरते.

साहित्यसंस्थांचेही येथे कर्तव्य आहे. आपल्या ग्रंथांच्या प्रस्तावनांत अखेरच्या परिच्छेदात, मुद्रकाच्या आधी आणि पत्नीच्या नंतर, ग्रंथपालाचे आभार मानण्याची प्रथा आहे. तो परिच्छेद आता पुरेसा नाही. महाराष्ट्राबाहेरील महाविद्यालयांच्या ग्रंथपालांना नव्या मराठी पुस्तकांची निवडक, अभिप्रायासह यादी दर सहा महिन्यांनी पाठविणे, आणि संमेलनाच्या कार्यक्रमात त्यांच्या परस्परभेटीसाठी एक दुपार राखणे, एवढे कोणत्याही साहित्यसंस्थेला शक्य आहे. नहावंदींनी चारशे वर्षांपूर्वी ग्रंथालयातील माणसांना आपल्या ग्रंथात स्थान दिले. आपण त्यांना निदान आपल्या पत्रव्यवहारात तरी द्यावे.