कुलूप-किल्लीचं रूपक आणि समुद्रातल्या जाती

आज आपण एका रूपकाची झाडाझडती घेणार आहोत. समुद्रातल्या अपृष्ठवंशी प्राण्यांत नव्या जाती कशा होतात, हे सांगताना शुक्रपेशीचं प्रथिन ही ‘किल्ली’ आणि अंड्यावरचं प्रथिन हे ‘कुलूप’ असं म्हणण्याचा प्रघात आहे. आमचा आक्षेप असा की, या रूपकानं अर्धीच गोष्ट कळते.

कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावरची ॲबलोनी घ्या. ही खडकाला चिकटून राहणारी मोठी समुद्री गोगलगाय. नर-मादी आपापल्या पेशी सरळ पाण्यात सोडतात. तिथं तिच्या सात जाती आहेत. त्यांच्या जागा आणि प्रजननाचे हंगाम बऱ्याच अंशी एकमेकांत मिसळतात. तरी संकर क्वचितच होतो. का? शुक्रपेशीतलं ‘लायसिन’ हे प्रथिन अंड्याच्या आवरणातल्या ‘व्हर्ल’ला बिलगतं आणि आवरणाचे धागे सुटे करून भोक पाडतं. परक्या अंड्यावर हे काम नीट जमत नाही.

इथवर रूपक चालतं. पण व्हर्लमध्ये जवळपास सारखाच एक तुकडा वीसहून अधिक वेळा येतो. स्वॉन्सन आणि व्हॅकिए यांनी १९९८ साली मांडलं ते असं: एका तुकड्यात झालेला बदल हळूहळू इतर तुकड्यांत पसरतो आणि लायसिनला मागोमाग बदलत राहावं लागतं. म्हणजे कुलूपच सारखं बदलतंय, किल्ली त्याच्यामागे धावतेय, आणि ते घडवणारा कोणी नाहीच! दोन समूहांत हा पाठलाग वेगवेगळ्या वाटांनी गेला, की पुढे त्यांचं एकमेकांशी जुळेनासं होतं.

आपल्या न्यायदर्शनात ‘जाती’ म्हणजे नित्य, अनेकांत राहणारं सामान्य. तोच शब्द आपण इथं वापरतो आणि नित्यतेची छटा नकळत सोबत येते. एर्न्स्ट मायर यांनी १९४२ साली केलेल्या व्याख्येत नित्यता नाही, हे तिचं मोठं श्रेय. पण तिचा भर इतर समूहांपासून तुटलेपणावर, म्हणजे कुंपणावर आहे. ह्यू पॅटरसन यांनी १९८५ साली नेमकं यावर बोट ठेवलं: आधी आपल्या जोडीदाराची ओळख, कुंपण हा तिचा उपपरिणाम.

हा निव्वळ शब्दांचा वाद आहे का? नाही. पांढऱ्या ॲबलोनीची १९७० च्या दशकात बेसुमार मासेमारी झाली. अमेरिकेच्या संकटग्रस्त प्रजाती कायद्याखाली २००१ साली नोंदला गेलेला तो पहिला समुद्री अपृष्ठवंशी प्राणी. उरलेल्या ॲबलोनी इतक्या विखुरल्या, की शुक्रपेशी अंड्यापर्यंत पोचण्याआधीच पाण्यात विरून जातात. लायसिन शाबूत, व्हर्ल शाबूत, कुंपणही शाबूत. भेट तेवढी होत नाही. म्हणून आता बंदिस्त टाक्यांत वाढवलेल्या ॲबलोनी पुन्हा समुद्रात, जवळजवळ सोडाव्या लागतात.

कुंपणावरून जातीची व्याख्या करणाऱ्याला इथं काहीच बिघडलेलं दिसणार नाही. ज्या व्याख्येला जातीचं मरण दिसत नाही, ती अपुरी आहे, असं आम्हाला वाटतं.