फिरते जीवाश्म आणि हरवलेलं लेबल

मागच्या महिन्यात वेवजीच्या एका ज्युनिअरने फोटो पाठवला. मुंबईच्या प्रदर्शनातून घेतलेला ट्रायलोबाइट. सोबत प्रश्न : "ताई, यावर पेपर होईल का?"

उत्तर देण्याऐवजी मी त्याला जॉन टॅलेंट यांचा १९८९ चा 'नेचर'मधला लेख वाचायला दिला, 'द केस ऑफ द पेरिपॅटेटिक फॉसिल्स'. म्हणजे भटक्या जीवाश्मांचं प्रकरण. जेमतेम तीन पानं, पण संशोधनात येणाऱ्या प्रत्येकाने वाचावीत अशी. चंदीगडच्या पंजाब विद्यापीठातले विश्वजित गुप्ता वर्षानुवर्षं हिमालयातले म्हणून जे जीवाश्म छापत होते, त्यातले बरेच तिथले असूच शकत नाहीत, हा टॅलेंट यांचा आरोप. गुप्तांनी तो नाकारला.

लेखाचं बळ तुलनेत आहे. 'हिमालयातले' कोनोडोंट (दातांसारखे सूक्ष्म जीवाश्म) न्यूयॉर्क राज्यातल्या ॲम्सडेल क्रीकच्या प्रसिद्ध नमुन्यांसारखे दिसतात, अमोनॉइड मोरोक्कोतून बाजारात येणाऱ्या मालासारखे. आता माझी तक्रार. तुलनेतून साम्य सिद्ध होतं, हेतू नाही. तो चौकशीचा विषय. टॅलेंट यांचा उपरोध मात्र ही रेघ कधीकधी पुसतो. मला जास्त अस्वस्थ करतात ते सहलेखक. त्यातले कित्येक परदेशी तज्ज्ञ, आपापल्या विषयात पक्के. त्यांनी हातात आलेल्या नमुन्याचं वर्णन केलं, जागा पाहिलीच नाही. गाईडने डबा दिला, आपण मोजमाप घेतलं, असं आपल्याकडेही चालतंच की!

ट्रायलोबाइट संपले सुमारे २५ कोटी वर्षांपूर्वी. वेवजीच्या आसपासचा काळा दगड म्हणजे दख्खनचा बेसाल्ट, साधारण ६.६ कोटी वर्षांचा, तोही लाव्ह्याचा. तेव्हा तलासरीच्या खाणीत ट्रायलोबाइट सापडला असं कुणी सांगितलं तर हसून सोडून द्या. (दगडावर नेच्यासारखी काळी नक्षी दिसते ती बहुतेकदा मँगनीजची, वनस्पती नव्हे.) भारतात ते हवेत तर स्पितीत, पाराहिओ खोऱ्यात कँब्रियन थरांकडे जावं लागतं.

बाजारातले बरेचसे मोरोक्कोचे. खरे असतात, पण डागडुजी केलेले. एकाचं डोकं, दुसऱ्याची शेपटी, मधे रेझिन. काही तर पूर्ण साच्यातले. दहापट भिंग घ्या. दगडातली भेग जीवाश्मातूनही जाते का, की अचानक थांबते? फॅकॉप्ससारख्या जातीत डोळ्याची भिंगं सुटी दिसतात की नुसते ठिपके? हवेचे बुडबुडे आहेत का?

समजा, सगळं खरं निघालं. तरी लेबलवर फक्त 'मोरोक्को' असेल तर कुठला थर, कुठलं गाव, काहीच कळत नाही. असा नमुना शिकायला, चित्र काढायला उत्तम. पेपरला नाही. हे मी त्याला तेव्हाच कळवलं.

काल त्याचा मेसेज आला : "ताई, उजव्या गालाजवळ दोन बुडबुडे आहेत. पण शेपटी खरी वाटते."