बळ पदार्थाचे की नमुन्याचे?

थरयुक्त धातु-संमिश्रांच्या चाचणी-अहवालांत ‘या पत्र्याचे ताणबल इतके’ अशी वाक्यरचना रूढ आहे. तीतील षष्ठी विभक्ती फसवी आहे. मोजले जाते ते नमुन्याचे बळ. नावावर चढते ते पदार्थाच्या. हा केवळ शब्दच्छल नव्हे, हे येथे दाखवावयाचे आहे.

साध्या पोलादाचे उदाहरण घेऊ. तुटण्यापूर्वी सळई एके जागी बारीक होऊन तिला मान पडते व पुढील वाढ तेवढ्याच भागात होते. म्हणून आखूड मापनलांबीवर वाढीची टक्केवारी अधिक येते, लांब मापनलांबीवर कमी. यास्तव मापनलांबी छेदक्षेत्राच्या वर्गमुळाच्या ५.६५ पट घेण्याचा संकेत मानकांनी घातला. एकजिनसी धातूला हा संकेत बव्हंशी पुरतो. थरांच्या धातूला पुरत नाही.

कारण तेथे ‘आकार’ या एका शब्दाखाली दोन मापे नांदतात: संपूर्ण नमुन्याचे आणि एकेका थराचे. संमिश्रातील थर पातळ केले की स्फटिकांतील सरकणीला सांध्यापाशी अटकाव होतो व बळ वाढते. उलट, सुटा पत्रा इतका पातळ केला की जाडीत मोजकेच स्फटिककण उरावेत, तर मोकळ्या पृष्ठावरील कणांना शेजाऱ्यांचा आधार नसल्याने तो दुबळा ठरतो. ‘लहान ते बळकट’ व ‘लहान ते दुबळे’ ही दोन्ही विधाने खरी आहेत. त्यांचे विषय मात्र भिन्न आहेत.

तिसरा प्रश्न कडेचा. ताणलेल्या तंतुमय थरांच्या संमिश्रात मोकळ्या कडेलगत, सुमारे नमुन्याच्या जाडीएवढ्या पट्ट्यात, थरांमधील प्रतिबले एकवटतात, हे पाइप्स व पगॅनो यांनी १९७० मध्ये दाखविले. नमुना जितका अरुंद, तितका या पट्ट्याचा वाटा मोठा. एअरबस ए३८० च्या धडात वापरलेल्या ‘ग्लेअर’मध्ये ॲल्युमिनियमचे पत्रे व काचतंतूंचे थर आलटून पालटून असतात. अशा पदार्थाचा विस्तीर्ण पत्रा आणि त्यातून कापलेली बोटभर पट्टी एकसारखी वागेल, असे गृहीत धरता येत नाही. विमानरचनाकार पट्टीपासून पूर्ण भागापर्यंत चढत्या क्रमाने चाचण्या घेतात, ते उगाच नव्हे.

मीमांसकांच्या परिभाषेत सांगावयाचे तर, रुंदी, मापनलांबी, थरांची संख्या व जाडी न सांगणाऱ्या वाक्याची आकांक्षा पुरी होत नाही. असा आकडा प्रबंधात उतरवून घेणारा विद्यार्थी अर्धे वाक्यच उद्धृत करीत असतो.