सेनापतींची क्रमवारी आणि गटनिर्णयाची पद्धती

सर्वश्रेष्ठ सेनापती कोण, या स्किपिओच्या प्रश्नास हॅनिबलने दिलेले उत्तर लिव्हीच्या इतिहासात नमूद आहे: पहिला अलेक्झांडर, दुसरा पिऱ्हस, तिसरा आपण स्वतः. हा संवाद खरोखर घडला असो वा नसो, त्यातील कारणे लक्षणीय आहेत. अलेक्झांडरने अल्प सैन्यानिशी अफाट सेना मोडल्या. पिऱ्हसने छावणीची शास्त्रशुद्ध मांडणी शिकविली. म्हणजे क्रम एक, परंतु कसोट्या दोन.

अशा व्यक्तिगत मताऐवजी तज्ज्ञमंडळाकडून क्रमवारी ठरविल्यास ती निःपक्षपाती होईल, असे मानण्यात येते. त्यासाठी डेल्फी पद्धतीचा आधार घेतला जातो. १९५१ साली अमेरिकेतील रँड संस्थेत सात तज्ज्ञांस, त्यांची परस्परांशी गाठ पडू न देता, पाच प्रश्नावल्या देण्यात आल्या. अमेरिकेचे युद्धसाहित्याचे उत्पादन ठराविक प्रमाणात घटविण्यास सोव्हिएत पक्षाला किती अणुबाँब लागतील, हा प्रश्न होता. आरंभी ५० पासून ५००० पर्यंत विखुरलेले अंदाज अखेर, दुरुस्त्यांनंतर, १६७ ते ३६० यांच्या दरम्यान आले. डाल्की व हेल्मर यांनी १९६३ मध्ये हा वृत्तांत प्रसिद्ध केला.

तथापि तेथे विचारली होती ती संख्या. तिच्या अर्थाविषयी वाद नव्हता. ‘श्रेष्ठ सेनापती’ या पदाचे तसे नाही. मराठीत तर ‘सेनापती’ हे अधिकारपदाचेही नाव आहे. १७३१ साली डभईच्या लढाईत पडलेले त्रिंबकराव दाभाडे हे सेनापती होते. त्यांचा पराभव करणारे बाजीराव हे पेशवे! शब्दाचा अर्थ प्रथम निश्चित केला नाही, तर फेऱ्यांमागून फेऱ्या घेऊन मतांमधील अंतर कमी होईल. पण एकमत नेमके कशावर झाले, हे मात्र सांगता येणार नाही.

गुणांची बेरीज करण्याची बोर्दाची रीतही निर्दोष नव्हे. समजा, पाच परीक्षकांपैकी तिघांनी अलेक्झांडर, हॅनिबल, पिऱ्हस असा, आणि दोघांनी हॅनिबल, पिऱ्हस, अलेक्झांडर असा क्रम दिला. पहिल्यास दोन, दुसऱ्यास एक व तिसऱ्यास शून्य गुण धरल्यास हॅनिबलला ७ व अलेक्झांडरला ६ गुण पडतात. यादीतून पिऱ्हस वगळताच अलेक्झांडर तिघांविरुद्ध दोघे अशा मतांनी पुढे जातो. पिऱ्हसला कोणीही पहिले स्थान दिलेले नसता त्याच्या निव्वळ उपस्थितीने निकाल फिरावा, हे चमत्कारिकच. कॉन्डॉर्सेने १७८५ साली बोर्दाच्या रीतीचा प्रतिवाद केला, तो याच जातीच्या उदाहरणांनी.

म्हणून अशा क्रमवारीबरोबर प्रत्येक परीक्षकाचा मूळ क्रम व त्याची कारणेही छापली जावीत. हॅनिबलच्या उत्तरात ती आहेत. गुणांच्या बेरजेत ती उरत नाहीत.