उदाहरण बरोबर, तरी अपुरे

वर्ग शिकवताना '२ चा वर्ग ४' हे उदाहरण दिले तर ते चूक नसते. पण वर्ग म्हणजे दुप्पट असे समजणाऱ्या विद्यार्थ्याचे उत्तरही ४ च येते. ३ घेतले की गैरसमज लगेच उघडा पडतो. संगणकीय लायब्ररींच्या माहितीपुस्तिकांतील उदाहरणांनाही आम्ही हीच कसोटी लावतो.

पायथॉन भाषेतील 'नमपाय' ही गणिती लायब्ररी घ्या. एकसामयिक समीकरणे सोडवणाऱ्या तिच्या 'सॉल्व्ह' या फंक्शनच्या माहितीत पूर्वी ३क्ष + य = ९ आणि क्ष + २य = ८ ही जोडी होती; उत्तर २ आणि ३. सहगुणकांच्या सारणीची पहिली ओळ ३, १ आणि दुसरी १, २. आता ओळींचे स्तंभ करा. सारणी तीच राहते! म्हणजे समीकरण ओळीत मांडायचे की स्तंभात, हे ज्याला कळलेले नाही त्यालाही बरोबर उत्तर मिळते. चूक कळते ती पुढे, त्याच्या स्वतःच्या कामात. कधी कळतही नाही. नंतरच्या आवृत्त्यांत क्ष + २य = १ आणि ३क्ष + ५य = २ ही जोडी आली. तिचे उत्तर उणे १ आणि १. ओळी-स्तंभांची अदलाबदल झाली, तर १ आणि ०. बदल छोटा, पण मोलाचा.

पायथॉनमधील 'डॉकटेस्ट' हे साधन उदाहरण चालवून त्याचे उत्तर छापील उत्तराशी ताडून पाहते. ते आवश्यकच आहे. पण जुनी जोडीही या परीक्षेत बिनचूक उत्तीर्ण झाली असती. उदाहरण चालते की नाही हे यंत्र सांगते. ते काय शिकवते, हे शिक्षकानेच पाहावे लागते.

मुंबईच्या आयआयटीतील 'फॉसी' प्रकल्पात पाठ्यपुस्तकांतील सोडवलेली उदाहरणे 'सायलॅब'मध्ये लिहून सर्वांना मोफत दिली जातात. विद्यार्थी-शिक्षकांचा हा उपक्रम स्तुत्य आहे. मात्र पुस्तकाशी उत्तर जुळले की काम संपले, असे तेथेही मानू नये.

नागपुरातील शिक्षकांना एक सुचवावेसे वाटते. सरासरीची आज्ञावली शिकवताना मे महिन्यातील तीन दिवसांचे तापमान ४०, ४२, ४४ असे कल्पू नका. सरासरी आणि मध्यक दोन्ही ४२ येतात. ४०, ४१, ४५ घ्या. सरासरी ४२, मध्यक ४१. कोणी काय मोजले, ते फळ्यावरच दिसेल.