काठी, एरंडेल आणि पुस्तक

मागच्या व्याख्यानात आपण १९२२ च्या रोमवरच्या मोर्चापाशी थांबलो होतो. आज जरा मागे जायचंय. फॅसिझम म्हणजे काठ्या, विरोधकाला जबरदस्तीने पाजलेलं एरंडेल. त्यात विचार कुठला, असं आपण सहज म्हणून टाकतो. शिकल्यासवरल्यांना ते सोयीचं असतं. पण १९३१ साली इटलीत प्राध्यापकांना राजवटीशी एकनिष्ठेची शपथ घ्यायला लावली, तेव्हा बाराशेच्या आसपास प्राध्यापकांपैकी नकार देणारे निघाले जेमतेम डझनभर!

इतिहासकार झीव स्टर्नहेल मुळं शोधत फ्रान्समध्ये जातो, जॉर्ज सोरेलपाशी. हा सोरेल सरकारी इंजिनिअर, नंतर मार्क्सवादाकडे वळलेला. हिंसेवरचं त्याचं पुस्तक १९०८ चं. त्याचं म्हणणं असं, की सार्वत्रिक संप खरंच होईल का, हा प्रश्न गौण आहे. त्या संपाचं चित्र कामगारांना पेटवतं ना? मग झालं. याला तो 'मिथक' म्हणतो. मिथक खोडून काढता येत नाही, कारण ते विधान नसतंच, तो निर्धार असतो. आता यातला कामगारवर्ग काढा आणि राष्ट्र ठेवा. मुसोलिनी, तोही मूळचा समाजवादीच, त्याने मोर्चाच्या तोंडावर नेपल्सच्या भाषणात हे उघड सांगितलं: आम्ही मिथक घडवलंय, आणि ते म्हणजे राष्ट्र.

इथवर स्टर्नहेल पटतो. पुढे मात्र तो कल्पनांना फारच श्रेय देतो, असं आम्हाला वाटतं. पो नदीच्या खोऱ्यात १९२०-२१ ला शेतमजुरांच्या संघटना मोडणाऱ्या टोळ्यांना पैसा पुरवला तो जमीनदारांनी. त्यांना सोरेल वाचायची गरज नव्हती.

तरी सोरेल सोडून चालत नाही. रनो कामू (आल्बेर नव्हे!) याने २०११ साली पुस्तक लिहिलं, की युरोपातली मूळ प्रजा हटवून तिच्या जागी स्थलांतरित आणले जातायत. २०१७ ला अमेरिकेत शार्लट्सव्हिलच्या मोर्चात त्याच धर्तीच्या घोषणा झाल्या. २०१९ ला क्राइस्टचर्चच्या मशिदींत ५१ जणांचा जीव घेणाऱ्याने आपल्या जाहीरनाम्याला त्या पुस्तकाचंच नाव दिलं. लोकसंख्येचे आकडे देऊन हे खोडणारे लेख निघतात, निघायलाच हवेत. पण ज्याने ते मानलं, त्याने आकडे बघून मानलं नव्हतं. त्याला त्यात शत्रू मिळाला, सोबतीला माणसं मिळाली, आणि आता वेळ नाही अशी एक घाई मिळाली.

शपथेकडे आपण पुढच्या वेळी येऊ, जोव्हानी जेंतीलेच्या निमित्ताने. तत्त्वज्ञ माणूस, मुसोलिनीचा पहिला शिक्षणमंत्री. आणि १९३२ च्या इटालियन विश्वकोशात मुसोलिनीच्या नावावर जो फॅसिझमवरचा लेख आहे, त्याचा पहिला भाग लिहिला तोही यानेच.